किआंतीला मीठ कमी पडलं

प्रादेशिक वाइनची बाटली हातात घेतली की पहिला गोंधळ लेबलावर होतो. द्राक्षाचं नाव शोधावं, तर तिथे गावाचं नाव सापडतं. सान्सेर हे फ्रान्समधल्या लोआर नदीजवळचं गाव. तिथल्या पांढऱ्या वाइनमध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ हे एकच द्राक्ष असतं, पण पुढच्या लेबलावर ते बहुधा छापत नाहीत, कारण त्यांना गरज वाटत नाही. फ्रान्सने १९३५ साली उगमनामांची कायदेशीर व्यवस्था लावली आणि पुढच्याच वर्षी सान्सेरच्या पांढऱ्या वाइनला ते नाव मिळालं. या नावात द्राक्षाची जात, मळ्यांची हद्द, हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादा असं सगळं बांधलेलं असतं. गावाचं नाव ओळखीचं झालं की आत काय असेल, हे बूच काढण्याआधीच बरंचसं कळतं.

सहा जणांच्या बैठकीसाठी सहा बाटल्या निवडताना आम्ही नावाजलेपण बाजूला ठेवलं आणि टोकं पाहिली. आंबटपणा, गोडवा, तुरटपणा या तिन्हींची ठळक उदाहरणं हवीत, आणि अल्कोहोलही कमी-जास्त हवं. नाहीतर अन्नाने वाइनमध्ये नेमकं काय बदललं ते जिभेला पकडता येत नाही. पहिली घेतली म्युस्काडे. लोआर समुद्राला मिळते तिथे, नांत शहराच्या आसपास पिकणारी. हिवाळाभर यीस्टच्या गाळावर ठेवून थेट त्याच्यावरूनच बाटलीत भरतात, म्हणून लेबलावर ‘स्यूर ली’ हे शब्द पाहून घ्यायचे. दुसरी सान्सेर. तिसरी जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली रीस्लिंग, काबिनेट दर्जाची : अल्कोहोल जेमतेम साडेआठ टक्के, थोडी शिल्लक साखर आणि तिला तोलून धरणारं भरपूर आम्ल. चौथी फ्रान्समधल्या बोजोले प्रांतातल्या मोर्गोंची, गामे द्राक्षाची, हलकी तांबडी. याच गामेला बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ साली ‘वाईट’ ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला होता. दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते टिकलं आणि तिथेच शोभलं. पाचवी किआंती क्लासिको, इटलीतल्या तोस्कानाची, किमान ८० टक्के सांजोवेझे. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो. सहावी सोतेर्न. सिरों नावाची छोटी, गार पाण्याची नदी गारोन नदीला मिळते त्या परिसरात शरदात पहाटे धुकं धरतं. त्या दमटपणात पिकल्या द्राक्षावर बोट्रायटिस बुरशी चढते, ती साल भेदते, दुपारच्या उन्हात पाणी उडतं आणि आत साखर आटत जाते. हिची अर्धी, म्हणजे ३७५ मिलीची बाटली पुरते.

टॅनिन म्हणजे काय, हे समजावताना वाइनची पुस्तकं फार शब्द खर्च करतात. मराठी वाचकाला तेवढी गरज नाही. तुरट हा रस आपल्याकडे सहा रसांत आधीपासून मोजलेला आहे. कच्चं केळं चावल्यावर, किंवा दुधाशिवायचा कडक चहा प्यायल्यावर गालांची आतली बाजू ओढल्यासारखी होते, तेच टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा निसरडेपणा जातो. त्यामुळे ते जिभेपेक्षा गालांना आणि हिरड्यांना जास्त कळतं. आंबट आणि तुरट यांत घोटाळा होत असेल तर सोपी खूण अशी : आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने तोंड कोरडं पडतं.

मोजमाप आधी करून ठेवलं. ७५० मिलीच्या बाटलीतून पहिल्या फेरीत प्रत्येकी ५० मिली, म्हणजे सहा जणांत ३००. दुसऱ्या फेरीत जेवणाबरोबर प्रत्येकी ६०, म्हणजे ३६०. उरले ९०. ही उरलेली वाइन वाया गेलेली नसते. कुणाचा घोट पुन्हा घ्यायचा राहिला तर ती कामाला येते. सोतेर्नचं प्रमाण निम्मं : २५ आणि ३०. दोन्ही फेऱ्या गिळल्या तर माणशी ६०० मिलीच्या वर जातात, आणि तिसऱ्या बाटलीनंतर कुणाच्याही मताला अर्थ उरत नाही. म्हणून पहिली फेरी थुंकायची. प्रत्येकासमोर एक उभट, अपारदर्शक भांडं ठेवलं. संकोच दोन घोटांत जातो. नुसती दुसरी फेरी गिळली तरी पोटात सुमारे ३० ग्रॅम अल्कोहोल जातं, हे लक्षात ठेवून परतीच्या वाहनाची सोय आधीच लावायची.

थंड करण्याच्या बाबतीत सर्वात जास्त चुका होतात, आणि त्या दोन्ही दिशांनी होतात. पांढऱ्या वाइन फ्रिजमधून काढून तशाच ओतल्या तर त्या ४-५ अंशांवर असतात. तिथे वास बंद पडतो, गोडवा दबतो आणि सान्सेर नुसती आंबट लागते. तांबड्या वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्याव्यात हा सल्ला ज्या काळातला आहे तेव्हाच्या खोल्या १६ ते १८ अंशांच्या असत. २८ अंशांची किआंती नाकात स्पिरिटसारखी चढते आणि फळाचा वास मागे पडतो. आम्ही ठरवलेले आकडे असे : सोतेर्न ८, म्युस्काडे आणि रीस्लिंग ८ ते ९, सान्सेर १०, मोर्गों १३ ते १४, किआंती १६ ते १७. ओतताना बाटली याहून दोन अंश गार हवी, कारण ५० मिली वाइन पेल्यात पडल्यापासूनच तापायला लागते.

घाई असेल तर फ्रीझर नको, बादली घ्या. निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फात बाटलीला बर्फ कोपऱ्या-कोपऱ्यांनीच टेकतो, मधे हवा राहते. पाणी चहूबाजूंनी भिडतं. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. अशा बादलीत वीस-पंचवीस मिनिटांत खोलीच्या तापमानाची बाटली पिण्याजोगी गार होते, अधूनमधून फिरवत राहिलं तर त्याहून लवकर. बाटलीचा गळा पाण्याबाहेर राहतो, म्हणून पहिला पेला कोमट निघतो. तो यजमानाने घ्यावा. तांबड्या बाटल्या ओतण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवल्या की काम भागतं. स्वयंपाकाचा सुईसारखा थर्मामीटर पेल्यात बुडवून पाहिला तर अंदाजाने होणारे वाद मिटतात.

पेले सगळे एकाच आकाराचे हवेत. आकार बदलला की वास बदलतो, आणि मग तुम्ही वाइनची नव्हे, काचेची तुलना करत बसता. चव घेण्यासाठी प्रमाणित केलेला छोटा पेला असतो, वर निमुळता होत जाणारा, सुमारे २१५ मिलीचा. त्यात ५० मिली ओतलं की फिरवायला आणि वास साठायला नेमकी जागा उरते. पेले पुठ्ठ्याच्या खोक्यात उलटे ठेवले असतील तर आतल्या कोंडलेल्या हवेला पुठ्ठ्याचा वास धरतो. आम्ही सगळे पेले साबणाशिवाय गरम पाण्याने विसळले, हवेवर सुकवले आणि रिकाम्या पेल्यात नाक घालून पाहिलं. ही कृती विनोदी दिसते, पण तिच्यामुळे दोन पेले बाजूला निघाले. अत्तर, उदबत्ती, सुगंधी मेणबत्ती आणि तासाभरात घासलेले दात या चारही गोष्टी वर्ज्य. टूथपेस्टमधला फेस करणारा घटक गोडवा दडपतो आणि पुढचा अर्धा तास सगळं कडवट लागतं.

बूच काढताना वेष्टन बाटलीच्या ओठाच्या खालच्या कड्याशी कापायचं, वरच्या नाही. म्हणजे ओतताना वाइन धातूच्या कापलेल्या कडेला लागत नाही. स्क्रू मध्यावर उभा घालून शेवटचा एक वेढा बाहेर ठेवायचा. पूर्ण आरपार गेला की बुचाचा भुगा आत पडतो. भुगा पडलाच तर चहाच्या गाळणीतून ओता, वाइन बिघडत नाही. सान्सेरच्या बुचाच्या तळाशी साखरेसारखे चमचमणारे कण दिसले. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, थंडीने बसलेले. ते काचेचा चुरा समजून बाटली परत केली जाते, तेव्हा विक्रेत्याला काही बोलताही येत नाही.

सहा बाटल्यांत एक खराब निघाली, किआंती. वास भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा. याला कारण टीसीए नावाचं संयुग, जे बुचातून वाइनमध्ये उतरतं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढं असलं तरी नाकाला कळतं. त्रास तेव्हा होतो जेव्हा ते अगदी थोडं असतं : तेव्हा पुठ्ठ्याचा वास येत नाही, फक्त फळ मेलेलं असतं आणि माणूस समजतो की ही वाइनच अशी बेचव आहे. संशय आला तर पेला झाकून दहा मिनिटांनी पुन्हा वास घ्या. हा दोष हवेने वाढतो. याच्या उलट, ओढलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास असेल तर पेला जोरात फिरवा. तो बऱ्याचदा हवेने निघून जातो. रीस्लिंगला पहिल्यांदा तसाच वास होता आणि पाच मिनिटांत गेला. जुन्या रीस्लिंगला येणारा रॉकेलसारखा वास आणि म्युस्काडेच्या जिभेवरच्या बारीक टोचण्या मात्र दोष नव्हेत. म्युस्काडेत तो यीस्टच्या गाळावरून आलेला थोडासा कार्बन डायऑक्साइड असतो. बैठकीसाठी जी बाटली सर्वात महत्त्वाची, तिची एक जोड नेहमी आणून ठेवावी. ती होती म्हणून पुढचं सगळं पार पडलं.

पहिली फेरी अन्नाशिवाय. हलकीकडून जडकडे, सुक्याकडून, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्याकडून, गोडाकडे : म्युस्काडे, सान्सेर, मग तांबड्या, मग काबिनेट आणि शेवटी सोतेर्न. काबिनेटमध्ये साखर आहे म्हणून ती तांबड्यांच्याही नंतर ठेवली. आधी घेतली असती तर मोर्गों उगाच आंबट लागली असती. मधे पाणी आणि बिनमिठाचा साधा पाव. चीझचा तुकडा नाही. वाइनच्या व्यापाऱ्यांत जुनी म्हण आहे : विकत घ्यायची तर सफरचंदावर, विकायची तर चीझवर. सफरचंद वाइनचे दोष उघडे करतं, चीझ झाकतं. या म्हणीत पुढची सगळी फेरी दडलेली आहे. प्रत्येकाने कागदावर तीनच गोष्टी दहापैकी गुण देऊन लिहिल्या : फळ किती जाणवतं, आंबट किती, तुरट-कडू किती. फुलांची, मसाल्यांची, ओल्या दगडांची नावं लिहायची नाहीत असं आधीच ठरलं होतं. त्यात तास जातो आणि जेवणाशी त्याचा संबंध थोडा असतो.

मग आल्या वाट्या. नेहमीचा पदार्थ घेतला तर त्यात मीठ, आंबट, चरबी, गोड सगळं एकदम असतं आणि कशाने काय झालं ते सुटं करता येत नाही. म्हणून एकेक रस वेगळा केला. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम मीठ. १०० मिली पाण्यात १० मिली लिंबाचा रस. १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम मोनोसोडियम ग्लुटामेट, उमामीसाठी, म्हणजे मांसाच्या रश्श्यात लागते तशा भरीव चवीसाठी. २ ग्रॅम चहापत्ती १०० मिली पाण्यात पाच मिनिटं मुरवून कडू-तुरट. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर. शेवटी दोन चमचे कोमट तेलात पाव चमचा लाल तिखट. पाण्यात ते नीट उतरत नाही, कारण तिखटपणा देणारं कॅप्सेसिन तेलात विरघळतं. एक चमचा तोंडात घ्यायचा, पाच सेकंद फिरवायचा, गिळायचा आणि लगेच वाइनचा घोट. पुन्हा तेच तीन गुण लिहायचे. क्रम वर दिला आहे तसाच ठेवावा. साखर आधी घेतली तर पुढच्या दोन वाट्या भलत्याच लागतात आणि तिखट आधी घेतलं तर पुढची पंधरा मिनिटं बैठक ठप्प.

मिठानंतर किआंतीचा तुरटपणा सहाही कागदांवर उतरला. बोलून न ठरवता सगळ्यांचा आकडा खाली, आणि फळाचा वर. लिंबानंतर सान्सेरचा आंबटपणा खाली आला, ती गोलसर आणि जवळजवळ गोड वाटू लागली. मात्र मुळात आम्ल कमी असलेली मोर्गों त्याच लिंबाने सपाट पडली. तोंडात आधीच आंबट असेल तर वाइनचं आंबट कमी भासतं, एवढाच हिशेब. तेव्हा आंबट पदार्थाबरोबर त्याच्याइतकीच आंबट वाइन हवी, नाहीतर ती पाणचट लागते.

उमामीच्या वाटीने मात्र धक्का दिला. ज्यांनी आतापर्यंत किआंतीला चांगले गुण दिले होते त्यांच्याही तोंडात ती कडवट, पातळ, काहीशी धातूसारखी झाली. फळ दोन-तीन गुणांनी पडलं. म्युस्काडेला फारसा फरक पडला नाही, कारण बिघडायला तिच्यात टॅनिनच नाही. साखरेनेही हेच केलं, पण आंबटाच्या बाजूने : सुक्या वाइन तीक्ष्ण आणि रोड झाल्या, काबिनेटचा गोडवा पुसला जाऊन नुसतं आम्ल उरलं, एकटी सोतेर्न तगली. गोड पदार्थापेक्षा वाइन गोड हवी, हा नियम इथून येतो. चहाने तांबड्यांचा तुरटपणा वाढवला, यात नवल काही नाही. तिखटाने अल्कोहोल भडकतं. तिखट हा खरं तर रस नव्हे, दाह आहे, आणि ज्या संवेदक पेशी-द्वारांना कॅप्सेसिन चेतवतं त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं. साडेतेरा टक्क्यांची किआंती तिखटानंतर आग लावते, त्यात तुरटपणाची भर. साडेआठ टक्क्यांची, थोडी गोड, थंडगार काबिनेट तीच आग शांत करते. मसालेदार जेवणाबरोबर ‘दमदार’ तांबडी वाइन घ्यावी असं जे सांगतात, त्यांना ही वाटी द्यावी.

सहापैकी दोन कागदांवरचे कडूपणाचे आकडे इतरांपेक्षा सतत वरचे होते. हे चुकीचं नाही. कडूची जाणीव जन्मतःच माणसागणिक वेगळी असते. ज्यांना ती तीव्र आहे त्यांनी टॅनिनच्या वाइन आवडून घेण्याचा प्रयत्न सोडून दिला तरी चालेल.

आता खरा पदार्थ. उमामी नेमकी कुठून येते हे दाखवायला मशरूमइतकं सोयीचं काही नाही. कच्च्या मशरूममध्ये ती विशेष जाणवत नाही, शिजवली की उघडी होते. ३०० ग्रॅम मशरूमचे काप, तापलेला रुंद तवा, २० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, मोठी आच. पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं. गर्दी केली तर ती परतली न जाता उकडली जातात. दोन हप्ते करा. शिजून वजन साधारण निम्मं, १५० ग्रॅम झालं. त्यातलं निम्मं तसंच ठेवलं. उरलेल्या ७५ ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा लिंबाचा रस घातला.

बिनमिठाच्या मशरूमनंतर किआंती कडू. दोन जणांनी ही बाटलीही खराब आहे असं म्हटलं. लगेच मीठ-लिंबाचा घास आणि त्याच पेल्यातला पुढचा घोट : तुरटपणा जागेवर, चेरीसारखं फळ परत, वाइन पुन्हा मघाची. बाटली तीच, मशरूम तीच, फरक पाऊण ग्रॅम मिठाचा आणि अर्धा चमचा लिंबाचा. जेवताना वाइन कडवट लागली की लोक दुसरी बाटली शोधतात. आम्ही आधी मिठाची डबी आणि लिंबाची फोड पुढे करतो. दहांतल्या सहा-सात वेळा तिथेच काम होतं.

याला मर्यादाही आहेत. मिठाचं प्रमाण पदार्थाच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास ठेवावं. दीड टक्क्याच्या पुढे पदार्थच खारट होतो आणि वाइन वाचवून काही मिळत नाही. गोडसर सॉसला मीठ-लिंबाने थोडाच फरक पडतो, तिथे काबिनेटकडे वळावं. तिखटाला काहीच फरक पडत नाही. आणि तेलकट मासा व तांबडी वाइन हे भांडण वेगळंच आहे : ते बरंचसं वाइनमधल्या लोहामुळे होतं, असं जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर मागून माशाचा उग्र वास येतो, कमी असेल तर येत नाही. लोहाचा आकडा लेबलावर नसतो, त्यामुळे धोका न पत्करता पांढरी घेणं सोपं.

दुसऱ्या फेरीत प्रदेशांच्या जुन्या जोड्या पाहिल्या. ‘जिथे पिकतं तिथलंच शोभतं’ हे वाइनच्या जगात इतक्यांदा म्हटलं जातं की कुणी तपासत नाही. वाट्यांची फेरी करून या जोड्यांकडे आलं की त्यातलं गूढ बरंच कमी होतं. सान्सेरशेजारच्या शाविन्योल गावचं बकरीच्या दुधाचं क्रॉतँ चीझ ताजं असताना आंबूस आणि खारट असतं. म्हणजे आंबटाला आंबट भेटतं, वर मीठ. तेच चीझ दोन महिने मुरवून कडक झालेलं घेतलं तर त्यात उमामी चढलेली असते आणि सान्सेर तितकी खुलत नाही. म्युस्काडे आणि कालवं : समुद्राचं मीठ, वर पिळलेलं लिंबू, आणि टॅनिन नसलेली वाइन. किआंतीबरोबर फ्लोरेन्सचा जाड, निखाऱ्यावर भाजलेला बीफस्टेक : तो बाहेरून सढळ मिठाने माखलेला असतो. प्रथिनं आणि चरबी टॅनिनला मऊ करतात हे स्पष्टीकरण सगळीकडे सापडतं आणि त्यात तथ्य आहे, पण तोच स्टेक बिनमिठाचा खाऊन पाहा, किआंती किती मऊ राहते ते कळेल. टोमॅटोचा सॉस घातलेला पास्ताही किआंतीला मानवतो. टोमॅटोत उमामी आहे, पण आम्लही आहे आणि सॉसला मीठ लागतंच.

सोतेर्न आणि रॉकफोर ही जोडी प्रदेशाच्या नियमात बसतच नाही. रॉकफोर फ्रान्सच्या दक्षिणेतलं, मेंढीच्या दुधाचं, निळ्या बुरशीचं. सोतेर्नच्या मळ्यांपासून लांबचं. तरी जोडी अप्रतिम जमते, कारण एक बाजू अति गोड आणि दुसरी अति खारट. चीझचा तुकडा बोराएवढाच घ्यावा, मोठा घेतला तर वाइन बुडते. उलट बर्गंडीतच तयार होणारं एपुआस नावाचं उग्र, मऊ चीझ तिथल्याच पिनो न्वार द्राक्षाच्या नाजूक तांबड्या वाइनला झोपवतं. पिकलेल्या मऊ पांढऱ्या सालीच्या चीझचंही तेच : साल अमोनियासारखी झाली की कोणतीही तुरट तांबडी तिच्यापुढे धातूसारखी लागते. साल कापून टाका किंवा पांढरी उघडा.

मोर्गोंबरोबर साधं भाजलेलं कोंबडीचं मांस ठेवलं होतं. कागदांवर त्याबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही, पण सर्वात आधी रिकामी झालेली बाटली तीच होती. टॅनिन कमी, आम्ल माफक, अल्कोहोल अति नाही. बिघडायला जागाच कमी. एकाच बाटलीवर सहा वेगवेगळ्या आवडीचे लोक जेवणार असतील तर अशीच वाइन घ्यावी.

काही पदार्थ कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. आर्टिचोकमधल्या सायनरिनमुळे त्याच्यानंतरचा घोट उगाच गोड लागतो, अॅस्परॅगसमधली गंधकाची संयुगं तांबड्या वाइनमध्ये गवतासारखी कडवट उमटतात, अर्धवट शिजलेला अंड्याचा पिवळा बलक जिभेवर लेप देतो. यांच्याबरोबर पाणी प्यावं. डार्क चॉकलेट आणि सुकी तांबडी ही जोडी जाहिरातीत शोभते. कडूवर कडू आणि साखरेवर आंबट असा दुहेरी मार त्यात बसतो.

उरलेली वाइन मोठ्या बाटलीत तशीच ठेवू नये. वर जितकी हवा, तितकी ती लवकर शिळी होते. अर्धी बाटली सान्सेर उरली असेल तर सोतेर्नची रिकामी झालेली ३७५ मिलीची बाटली कामी येते. ती गरम पाण्याने धुऊन, पूर्ण निथळून, तिच्यात काठोकाठ सान्सेर भरावी आणि बूच दाबून फ्रिजमध्ये ठेवावी. सोतेर्नचा थेंब राहिला तर सान्सेर गोडसर होते, तेव्हा निथळणं महत्त्वाचं. अशी पांढरी तीन-चार दिवस चांगली राहते. तांबडीही फ्रिजमध्येच ठेवावी, प्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढली की झालं. खराब निघालेली किआंती स्वयंपाकात वापरायचा मोह होतो. वापरू नका, पुठ्ठ्याचा तो वास रश्श्यातही उरू शकतो. ती बुचासकट विक्रेत्याकडे परत न्या. बाटली भरलेली असेल तेव्हाच तो बदलून देण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पहिला वास घेऊन शंका आली की पुढे ओतायचं थांबवायचं आणि बूच परत लावून ठेवायचं.